सुवर्णास्तरणी

"नरहरी, आज तिथी कोणती?" आक्काने अंगणातून विचारले.

"चैत्र वद्य पंचमी."

"नीट पाहून सांग."

मी पंचांग न उघडता पुन्हा तेच सांगितले. तिथी चुकली नव्हती. चुकले होते ते दुसरेच काही. आक्का तुळशीवृंदावनापलीकडच्या उघड्या वाफ्यापुढे बसली होती आणि तापलेल्या मुलाचे कपाळ चाचपावे तशी तळहाताने माती चाचपत होती. वाफ्यात काही नव्हते. एरवी पाडवा झाला की याच मातीतून भुईचाफा वर येई. पान नाही, फांदी नाही. जमीन जराशी तडकायची आणि पहाटे त्या तड्यातून पांढरे, पोटात जांभळी छटा असलेले सुगंधी फूल थेट भुईवर उमललेले असायचे. पाने मागाहून, पावसात यायची आणि थंडीत मातीआड जायची. मग पुन्हा चैत्र येईपर्यंत तिथे काही आहे हे घरच्या माणसांखेरीज कोणाला कळत नसे.

"घुशींनी कंद खाल्ले असतील," मी म्हणालो.

खुरपे घेऊन आक्काने वाफा हलक्या हाताने उकरायला सुरुवात केली. वीतभर उकरला, हातभर उकरला. कंद नव्हतेच. मग ती मागे सरून बसली.

"काचाही नाहीत नरहरी. घूस काचा खात नाही."

या काचांविषयी सांगितले पाहिजे. आमचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याच्या आदल्या वर्षी वडील निवर्तले. आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या गेल्या, तेव्हा तिने एकेक तुकडा वेचून पदरात घेतला आणि म्हणाली, "कोणाच्या पायाला लागायला नकोत." घरात आणि अंगणात जिथे कधीच कोणी पाय देत नसे अशी एकच जागा होती, ती म्हणजे भुईचाफ्याचा वाफा. तिथे तिने ते पुरले. पुढे गाव सोडताना बाकीच्यांनी भांडी घेतली, दारे-खिडक्या काढून घेतल्या. आक्काने तो वाफा मातीसकट घमेल्यांत भरला आणि कऱ्हाडला आणला. त्या मातीत कंद होते आणि काचा होत्या. आई पुढच्याच वर्षी गेली. ज्या विहिरीवर तिचा जन्म गेला ती विहीर पाण्याखाली, ज्या उंबऱ्यावर तिने माप ओलांडले तो उंबरा पाण्याखाली. माहेर म्हणून बोट दाखवावे असे आक्काजवळ उरले होते ते एवढेच. ती तरुणपणी विधवा होऊन परत आलेली. मी अविवाहित, इथल्या शाळेत संस्कृत शिकवणारा. चैत्रात पहिले फूल देवीला वाहताना आक्का "आई आली" असे म्हणत असे. एवढा एकच भावुकपणा मी तिच्यात पाहिला.

"माघात माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण मिरजेला होतो," मी म्हणालो. "तेव्हा घराची किल्ली..."

"माहीत आहे मला किल्ली कोणाकडे होती," आक्का म्हणाली आणि उकरलेली माती पुन्हा सारखी करू लागली.

किल्ली मृणालिनीबाई देशिंगकरांकडे होती. त्यांचा बंगला आमच्या कुंपणाला लागून. यजमान निवृत्त अभियंते, अबोल. बाई मात्र गावातल्या उद्यान मंडळाच्या अध्यक्षा. न्यायाने सांगायचे तर त्यांच्या हाताला यश होते. अबोली, निशिगंध, शेवंती, लिली, सगळे त्यांच्या अंगणात जणू त्यांना विचारून फुलत असे. मात्र त्यांना एक खोड होती. कोणाच्याही घरी गेल्या की बोलता बोलता त्यांची दोन बोटे एखाद्या फांदीकडे जात, कट् असा बारीक आवाज होई आणि ती काडी छत्रीत नाहीतर पिशवीत नाहीशी होई. कोणी पाहिलेच तर त्या मोकळ्या मनाने हसत. "अहो, मागून आणलेलं रोप जगत नाही. चोरून आणलेलंच धरतं! पूर्वापार चालत आलंय." लोकही हसत. आम्हीही हसत आलो होतो.

रोपांना पाणी घालते म्हणून त्यांनी स्वतःहून किल्ली मागून घेतली होती.

वैशाखाच्या आरंभी शाळेच्या सभागृहात मंडळाचे पुष्पप्रदर्शन भरले. आक्का कधी जात नसे. त्या वर्षी गेली. मी काळा चष्मा लावून तिच्या मागे. मधल्या मेजावर, लाल फीत बांधलेल्या रुंद मातीच्या कुंडीत, भुईचाफा फुलला होता. खाली पाटी होती: 'दुर्मीळ वनस्पती, प्रथम पारितोषिक, सौ. देशिंगकर.'

आक्का वाकली. मला वाटले, वास घेते आहे. तिने करंगळीने कुंडीतल्या मातीचा एक खडा बाजूला केला. खाली काहीतरी हिरवे चमकले.

"अगबाई, गोदाक्का! तुम्ही आलात?" मृणालिनीबाई मैत्रिणींसह पुढे आल्या. "कसा वाटला?"

"छान आहे. कुठून मिळाला?"

"मिळाला असाच."

"आमच्याकडे होता. यंदा आला नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले. पण भोवती माणसे होती, आणि माणसे असली की त्यांना बोलणे सुचत असे. "म्हणून काय झालं?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "भुईचाफा काय एकाच अंगणात उगवतो का, गोदाक्का?"

बायका हसल्या. आक्काही हसली. ते हसू मला आवडले नाही.

घरी येताना मी संतापलो होतो. "मी आत्ता जातो आणि सांगतो, कंद परत करा. काच आहे ना पुरावा!"

"हिरव्या काचा गावात काय कमी आहेत? आणि समज, तिनं ऐकलं. काय म्हणेल? 'घ्या की, त्यात काय एवढं!' म्हणेल. कागदात गुंडाळून दोन कंद देईल आणि मला म्हणावं लागेल, 'आभारी आहे हो.' आईला मी तिच्या उपकाराखाली घरी आणू?"

"मग सोडून द्यायचं?"

"सोडायचं?" आक्का थांबली. भर रस्त्यात उन्हात उभी राहून तिने पदर डोक्यावरून घेतला. "ती आपल्या पायांनी घेऊन येईल. सगळं. मातीसकट. आणि देताना माझ्या पाया पडेल."

तिच्या स्वरात राग असता तर मी विसरून गेलो असतो. संकल्प सोडताना उदक हातात घेऊन जसे शब्द उच्चारावेत, तसे ते शब्द होते.

आषाढात आक्का पुण्याला एका लग्नाला गेली आणि येताना टांगती कुंडी घेऊन आली. कुंडीत एक वेल होती. पाने दाट, चकचकीत, कातरलेल्या काठांची आणि फुले सूर्यफुलाच्या पिल्लांसारखी पिवळीधमक.

"हिला वेडेलिया म्हणतात," ती म्हणाली. "बागवाल्यानं सांगितलं ते. पण असलं नाव चालायचं नाही. तू एखादं भारदस्त नाव सांग. जमिनीवर सोन्याचं अंथरूण घालणारी, असं."

मला अशा कामात आनंद वाटे. विचार करून म्हणालो, "सुवर्णास्तरणी."

"वा! कोणाला उच्चारता आलं नाही तरी विसरता यायचं नाही."

तिने ती कुंडी ओसरीच्या तुळईला टांगली. रोज सकाळी फडक्याने पाने पुसायची, फुलांवर पाणी शिंपडायची. दारी आलेल्या प्रत्येकीला सांगायची, "नुसतं पाहा हं. ही कोणाला द्यायची नाही असं सांगूनच मिळाली आहे." मला मात्र एक गोष्ट चमत्कारिक वाटे. एखादी फांदी लोंबत जमिनीच्या दिशेने आली की आक्का ती लगेच कात्रीने छाटी आणि ते टोक बंबाच्या जाळात टाकी. खाली पडलेले पानसुद्धा उचलून जाळात. इतक्या जपलेल्या वेलीची फांदी कुणी जाळते का? विचारले तर म्हणाली, "तुझ्या व्याकरणात मी कधी बोट घालते का?"

मृणालिनीबाई यायला फार दिवस लागले नाहीत. कसल्याशा उद्यापनाचा मुहूर्त विचारायला म्हणून आल्या, पण बसल्या त्या तुळईकडे तोंड करून.

"काय म्हणतात हो हिला, शास्त्रीबुवा? सुवर्णा..."

"सुवर्णास्तरणी," मी सांगितले.

"जमिनीत लावली तर छान पसरेल नाही?"

"पसरेल की," आक्का म्हणाली. "पण कोणाला द्यायची नाही म्हणून शब्द दिलाय. तुमच्यासारख्या जाणकार बाईला नाही म्हणताना जिवावर येतं बघा. बसा, कॉफी टाकते."

आत जाताना ती माझ्या खुर्चीजवळून गेली आणि माझ्या हातातले पंचांग उगाचच सरळ करून गेली. ती वाचत राहण्याची खूण होती, हे मला नंतर समजले. मी वाचत राहिलो. काळ्या चष्म्याआडून मात्र मला ती दोन बोटे दिसली. कट्. आणि पुन्हा एकदा, कट्.

कॉफी यायला बराच वेळ लागला. बाई गेल्यावर मी आत जाऊन सांगितले, "घेतली तिनं."

"किती कांड्या?"

"दोन."

"एक पुरली असती," आक्का म्हणाली. तिने स्टुलावर चढून कुंडी खाली काढली, सगळी वेल मुळासकट उपटली आणि बंबात घातली. वरून रॉकेल ओतले. ओली पाने तडतडत जळू लागली. मी पाहतच राहिलो.

पहिल्या पावसाळ्यात देशिंगकरांच्या बंगल्यापुढे सोन्याचा गालिचा पसरला आणि येणारे-जाणारे फाटकाशी थांबू लागले. मृणालिनीबाई कुंपणापलीकडून आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात पाहुण्यांना नाव सांगत, "सुवर्णास्तरणी. संस्कृत आहे." मला तोंड लपवावेसे वाटे. आक्का वाती वळत बसे.

"तुला वाईट वाटत नाही?" एकदा मी विचारले.

"वाटतं ना. अजून शेवंतीपर्यंत पोचली नाही."

दुसऱ्या पावसाळ्यात ती शेवंतीपर्यंत पोचली. मग निशिगंधापर्यंत. पेरागणिक मूळ धरायचे आणि मुळागणिक पुढे सरकायचे, हा त्या वेलीचा स्वभाव. अबोली खाली गुदमरली. लिलीची पाती पिवळ्या फुलांतून बुडणाऱ्या माणसाच्या बोटांसारखी काही दिवस वर दिसली, मग दिसेनाशी झाली. बाईंनी माणसे लावून वेल छाटली. छाटलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत पडला आणि पुन्हा उभा राहिला. पुराणात एक दैत्य आहे, ज्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा दैत्य उठतो. मी वर्गात तो प्रसंग कितीदा तरी सांगितला होता, पाहिला मात्र त्या वर्षी, कुंपणापलीकडे. त्या साली मंडळाच्या प्रदर्शनात देशिंगकरांची एकही कुंडी नव्हती. कुंड्यांतसुद्धा वेल शिरली होती.

आक्का रोज कुंपणाच्या कडेने फिरे आणि आत डोकावलेली प्रत्येक फांदी चिमट्याने धरून जाळात नेऊन टाकी. आमच्या बाजूला एकही पेर रुजले नाही.

मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर, मृणालिनीबाई आमच्या दारी आल्या. नखांत माती होती, हातांना चिरा पडल्या होत्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"गोदाक्का, तुम्ही नाही म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. आता काहीतरी उपाय सांगा. मला माझी बाग दिसतच नाही हो. सकाळी खिडकी उघडवत नाही."

मला वाटले, आता आक्का बोलेल. दोन वर्षे साठवलेले सगळे बोलेल. पण ती वैद्याच्या शांतपणाने म्हणाली, "भुईचाफा होता ना तुमचा? त्याचं काय झालं?"

"प्रदर्शनानंतर कुंडीतून काढून पायऱ्यांशी जमिनीत लावला होता. तोही गेला. सगळंच गेलं."

"अरेरे," आक्का म्हणाली. "एकच उपाय आहे. वरवर छाटून काही होणार नाही. हातभर खोल माती काढायची, मुळासकट. सगळ्या बागेची. आणि नवी माती भरायची."

"अहो, पण ती माती टाकू कुठे? ओढ्यात टाकली तर लोक ओरडतील. शेतात कोणी घेईना. तातोबा म्हणतो, ही अवदसा कोणी दारात घेणार नाही."

"आमच्या परसात दगड काढलेला खड्डा आहे. तिथं टाका."

बाई पाहत राहिल्या. "तुमच्याकडे? पण तुमच्याकडे पसरेल ना ती!"

"मी एकटी बाई. दुसरं काम काय मला? उपटत बसेन. शेवटी शेजारधर्म आहे."

मृणालिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या एकदम खाली वाकल्या आणि त्यांनी आक्काच्या पायांवर डोके ठेवले.

आक्काने आशीर्वाद दिला नाही. तिचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच राहिला. "सगळी माती येऊ द्या," ती म्हणाली. "पायऱ्यांशी वेल फार दाट आहे, तिथली आधी. एक घमेलंसुद्धा मागं ठेवू नका."

तेव्हा कुठे मला भर उन्हातला तो संकल्प आठवला.

तातोबा माळी हातगाडी ढकलत फेऱ्या घालू लागला. "आक्का, डोकं फिरलंय का तुमचं?" तो म्हणे. "इख हाय ह्ये! घरात साप पाळाल, पण ही माती नगा घिऊ."

"पायऱ्यांजवळची गाडी कोणती?"

"हीच की. ह्यात काय सोनं हाय?"

"ती इथं रिकामी कर. खड्ड्यात नको, वाफ्यात."

त्या गाडीची माती आक्काने चाळणीने चाळली. पेर निघाले की जाळात, मूळ निघाले की जाळात. पाने गळून झोपी गेलेले, आल्यासारखे गाठाळ कंद निघू लागले. गेले होते त्याहून कितीतरी अधिक. देशिंगकरांच्या खताने ते चांगले पोसले होते. मग संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चाळणीत एक हिरवा तुकडा लकाकला. आक्काने तो पदराने पुसला, माझ्या तळहातावर ठेवला, परत घेतला आणि कंदांच्या मधोमध पुरला.

चैत्रातल्या एका पहाटे तिने मला हाक मारून उठवले. वाफा जागोजागी तडकला होता. जिथे पूर्वी ओंजळभर फुले यायची तिथे माती दिसत नव्हती. गंध ओसरीपर्यंत आला होता. आक्का पहिले फूल खुडून देवघराकडे जात होती, इतक्यात कुंपणापलीकडे पावले थांबली.

मृणालिनीबाई नव्या, उघड्याबोडक्या मातीत उभ्या होत्या. त्यांची नजर वाफ्यावरून हळूहळू फिरली आणि त्यांना उलगडा होताना मी पाहिला. पायऱ्या, हातगाडी, खड्डा, शेजारधर्म.

"हा तर माझा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. वाक्य पुरे केले असते तर तो मुळात कुठून आणला तेही सांगावे लागले असते.

"तुमचा?" आक्का वळली. हातातले फूल तिने छातीशी धरले होते. "भुईचाफा काय एकाच अंगणात उगवतो का, मृणालिनीबाई?"

बाई अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "माझं काहीच उरलं नाही गोदाक्का. एक कंद द्याल?"

"दिला असता," आक्का म्हणाली. "पण मागून आणलेलं रोप जगत नाही. तुम्हीच सांगता ना?"

आणि ती देवघरात गेली. "आई आली," असे म्हणालेले मला ओसरीवरून ऐकू आले.

या गोष्टीला पंचवीस वर्षे होत आली. परसातल्या त्या खड्ड्यातून सुवर्णास्तरणी दर पावसात डोके वर काढते आणि आक्का ते रोज सकाळी खुडून जाळात टाकीत असे. शेवटच्या आजारात अंथरुणावरून तिने मला ते काम लावून दिले. अस्थी विसर्जून परतलो त्या सकाळीसुद्धा मी ते केले. एक दिवस चुकला तर वेल वाफ्याकडे सरकते. मृणालिनीबाईही आता थकल्या आहेत, काठी टेकत चालतात. त्यांच्या बागेत पुन्हा फुले आली, पण हाताला पहिले यश राहिले नाही. चैत्र लागला की त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहतात.

गेल्या चैत्रात म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तुमचा दुसरा डोळाही आता दाखवायला हवा. मिरजेला जाऊन या. किल्ली ठेवून जा, मी घालीन पाणी."

मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. वाफ्यातली फुलेही आता मला गंधावरूनच मोजावी लागतात.

"नको," मी म्हणालो. "मी कुठे जात नाही."